आषाढात बॉक्स चिकटवू नका: घरी गिटार बनवायला निघालेल्यांसाठी

माझी पहिली गिटार आषाढात पुरी झाली आणि फेब्रुवारीत फुटली. पडून नव्हे. भिंतीला टांगलेली होती, दुपारची वेळ होती, आणि ‘टक्’ असा आवाज आला. पाल पडली असेल म्हणून मी उठलोही नाही. संध्याकाळी काढून पाहिली तर ब्रिजपासून (तारा अडकवतात ती लाकडी पट्टी) खाली तळापर्यंत टॉपवर, म्हणजे पुढच्या फळीवर, सरळ चीर, नख शिरेल एवढी.

लाकूड वाईट नव्हतं, गोंदही नव्हता. महिना चुकला होता. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. त्यात ते रेषांना आडवं फुगतं-आकसतं; लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. गिटारचा टॉप जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जाड आणि सुमारे ३८० मिमी रुंद. पुण्यात जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, मार्चच्या दुपारी ३०च्या खाली. एवढ्या फरकात ती फळी तीन-चार मिमी सहज आकसते. आतून तिला आडव्या ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, चिकटवलेल्या असतात, आणि त्या लांबीत आकसत नाहीत. फळीला जवळ यायचंय, ब्रेस येऊ देत नाहीत. मग ती कुठेतरी फाटते.

म्हणून हत्यारांची यादी देण्याआधी कॅलेंडर सांगतो. जून ते सप्टेंबर: नकाशा, साचा, हत्यारांना धार, नेक (दांडा) आणि फ्रेटबोर्ड (त्यावरची, बोटं दाबायची पट्टी) यांचं कापकाम. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी: टॉप, पाठ, ब्रेसिंग, बॉक्स बंद करणं. त्यानंतर पॉलिश, ब्रिज, तारा. मुंबई, कोकण, गोव्यात डिसेंबर-जानेवारीवर भर द्या आणि चिकटवण्याचं काम एसी असलेल्या बंद खोलीत करा. अमेरिका-कॅनडात राहत असाल तर उलटी अडचण: हिवाळ्यात हीटर घरातली हवा पार सुकवतो, तिथे खोलीत ओलावा सोडावा लागतो. कुठेही असा, ब्रेस चिकटवताना आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये हवी. किंचित कोरड्या हवेत बनवलेली गिटार पुढे दमट हवेत नुसती फुगते. ओल्या हवेत बनवलेली फुटते.

त्यासाठी पहिली खरेदी म्हणजे आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर. स्वस्तातला डिजिटल चालतो, पण त्याचा आकडा आधी पडताळून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ओलसर लगदा करा, विरघळवू नका. झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आत ७५ टक्के आर्द्रता असते, हे मिठाचं ठरलेलं आहे. तुमचा मीटर ८१ दाखवत असेल तर पुढे दरवेळी सहा वजा करा.

कोणती गिटार

पहिल्यांदा ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या बॉडीची गिटार, करू नका, असं माझं मत. मोठी फळी, मोठे ताण, मोठी चूक. मार्टिन कंपनीनं १९२९ मध्ये आणलेला ओएम आकार घ्या: खालच्या भागाची रुंदी सुमारे ३८० मिमी, कंबर स्पष्ट, चौदाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बॉडीला जुळणारा नेक. या आकाराचे पूर्ण मापाचे नकाशे सहज मिळतात. आर्किटेक्टचे नकाशे छापतात त्या प्लॉटरच्या दुकानात छापून घ्या, आणि दुकानातून बाहेर पडण्याआधी स्टीलच्या पट्टीनं नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा. दुकानदार कागदात मावावं म्हणून नकाशा दोन टक्के लहान करतो आणि तुम्हाला ते साउंडहोल (टॉपमधलं गोल भोक) कापल्यावर कळतं.

नायलॉनची क्लासिकल हवी असेल तर हरकत नाही. तिच्या सहा तारांचा ताण मिळून ४० किलोच्या आसपास, स्टीलच्या तारांचा ७०-७५ किलो. पण पुढचं सगळं मी स्टीलच्या तारा धरून लिहितोय.

लाकूड

पाठ आणि बाजूंसाठी जगभर नावाजलेलं लाकूड आपल्या सह्याद्रीतच होतं: शिसवी, बाहेर जिला इंडियन रोझवूड म्हणतात. वखारीत ‘शिसम’ मागितलंत तर उत्तरेकडचा सिस्सूही पुढे येतो. तो भाऊबंद असला तरी वेगळा. जांभळट काळी छटा आणि घासल्यावर येणारा गोडसर वास यावरून शिसवी ओळखता येते. जुन्या वाड्यातल्या मोडक्या पलंगाची फळी मिळाली तर सोन्याहून पिवळं. नवीन घ्याल तर पावती घ्या. शिसवीच्या जातकुळीतली जवळजवळ सगळी झाडं २०१७ पासून सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण कच्चं लाकूड परदेशातल्या भावाला कुरिअरनं पाठवण्याच्या फंदात पडू नका.

दुसरा पर्याय तूण. महोगनीच्या कुळातलं, हलकं, लालसर, रंध्याला गोडीनं उतरणारं. सतारकार ते पिढ्यानपिढ्या वापरत आलेत. नेकसाठी ते मला शिसवीपेक्षाही आवडतं, कारण नेक जड झाला की गिटार मांडीवरून डाव्या हाताकडे लवंडते. सागाचा मोह टाळा. तो तेलकट, गोंद नीट धरत नाही, आणि त्यातली सिलिका पटाशीची धार खाते.

टॉपला मात्र स्प्रूसच घ्या, बाहेरून मागवावा लागला तरी. दोन जुळ्या फळ्यांचा सेट मिळतो. रेषा बारीक, सरळ आणि पृष्ठभागाला काटकोनात उभ्या हव्यात. कडेनं पाहिल्यावर रेषा तिरक्या दिसल्या तर दुकानदार काहीही सांगो, परत करा. आणि आणल्याबरोबर कामाला घेऊ नका. फळ्यांमध्ये काड्या घालून, हवा खेळेल अशा, महिनाभर तुमच्याच खोलीत ठेवा.

हत्यारं

एक बरा रंधा, ६ आणि १८ मिमीच्या दोन पटाश्या, बारीक दात्यांची करवत, गुण्या, स्टीलची पट्टी, डिजिटल कॅलिपर, स्क्रेपर, छोटा ट्रिमर-राउटर, आणि जमतील तितके क्लॅम्प. फ्रेटच्या खाचांसाठी ०.६ मिमी काप घेणारी करवत वेगळी लागते. त्यात कंजुषी करू नका. बाकी सगळं धारेवर आहे. मी पहिले तीन आठवडे फक्त धार लावायला शिकलो, तेही आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडून. त्यांची कसोटी साधी: पटाशीनं स्प्रूसच्या आडव्या टोकाचा पापुद्रा काढायचा. लाकूड चुरगळलं तर परत दगडावर. चकचकीत निघालं तर “हां, आता बस कामाला.”

शिसवीची धूळ घशाला आणि कातडीला बाधते. एन-९५ मास्क लावा आणि घासकाम गच्चीत करा, घरातल्यांशी संबंध टिकतात.

टॉप जोडणं आणि पातळ करणं

दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवायच्या. जोडायच्या कडा एकत्र धरून रंध्यानं सरळ करा, मग एकमेकींवर टेकवून खिडकीसमोर धरा. उजेडाची रेघ दिसली तर पुन्हा रंधा. ‘क्लॅम्पनं दाबलं की बसेल’ हे इथे चालत नाही. दाबून बसवलेला सांधा कोरड्या हवेत उघडतो.

चिकटवायला मोठे क्लॅम्प लागत नाहीत. पाटावर दोन पट्ट्या ठोका, त्यांच्यामध्ये फळ्या तंबूसारख्या मधून किंचित उचललेल्या ठेवा, कडेला गोंद लावा आणि तंबू खाली दाबून सपाट करा. बाजूच्या पट्ट्याच सांधा आवळतात. वर प्लास्टिक आणि वजन ठेवायला विसरू नका. गोंद पिवळा, लाकडासाठीचा आणि वाळल्यावर कडक होणारा हवा. नेहमीचा पांढरा गोंद वाळल्यावरही थोडा लवचीक राहतो; टेबलाला चालतो, पण वर्षानुवर्षं ७० किलो ओढ असलेल्या ब्रिजखाली तो हळूहळू सरकतो. गरम सरस उत्तम, पण तो लावण्यात जी घाई असते ती दुसऱ्या गिटारसाठी ठेवा.

मग पातळ करणं. वखारीतल्या मशिनवर साडेतीन-चार मिमीपर्यंत आणा, पुढचं हातानं. टॉप २.८ मिमी, पाठ २.५, बाजू २. हे आकडे सुरुवातीचे आहेत. शेवटचा निर्णय हातात. टॉप दोन्ही हातांत आडवा धरून वाकवून पाहा, दर वेळी. तीन मिमीला तो पाटासारखा ताठ असतो, आणि मग कुठेतरी, माझ्या टॉपला २.७ला, तो हाताखाली ‘सुटतो’. वरच्या कडेपासून पाव अंतरावर दोन बोटांत लोंबकळत धरून मध्यावर टिचकी मारा. आधी ‘टप्प’ वाजणारी फळी आता थोडा वेळ घुमते. तिथे थांबा. आणखी एकदाच रंधा फिरवू, हा विचार मनात आला की रंधा खाली ठेवा.

साउंडहोल सुमारे १०० मिमी. त्याभोवतीची नक्षी, म्हणजे रोझेट, पहिल्यांदा एकाच गडद कड्याची करा.

बाजू वाकवणं

लोक याला सर्वांत जास्त घाबरतात आणि मला हेच सर्वांत आवडतं. दीड-दोन इंची लोखंडी पाइप शिकंज्यात आडवा पकडा, मागून हीट गन लावा. पाण्याचा थेंब टाकला की तो चर्र करून बसून न राहता नाचत पळाला पाहिजे. बाजूची पट्टी फडक्यानं ओलसर करा. भिजत घालू नका.

सुरुवात कमरेपासून, कारण तिथलं वळण सर्वांत तीव्र. पट्टी पाइपवर टेकवा आणि हलकासा दाब ठेवून थांबा. दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. वाफ निघते, शिसवीचा गुलाबासारखा वास खोलीत भरतो, आणि अचानक हाताखालचं लाकूड ओल्या चामड्यासारखं मऊ पडतं. ते पडल्यावरच वाकवा. त्याआधी जोर लावला तर ‘कट्’. माझ्या पहिल्या दोन बाजू कमरेतच गेल्या, दोन्ही वेळा मी फोनवर बोलत होतो. लाकडाच्या मागे पातळ पत्र्याची पट्टी धरली तर बाहेरचे धागे उचकटत नाहीत. वाकवलेली बाजू लगेच साच्यात दाबून रात्रभर ठेवा.

इतकं धाडस नको असेल तर वाकवलेल्या बाजूंचा सेट विकत घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

बाजूंच्या आतल्या कडेला काप दिलेल्या लायनिंगच्या पट्ट्या चिकटवायच्या असतात, टॉप आणि पाठ चिकटायला जागा मिळावी म्हणून. त्यासाठी महागडे क्लॅम्प विकतात. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, वर रबरबँडचे दोन वेढे, पन्नास-साठ नग. काम तेच.

ब्रेसिंग

आता हायग्रोमीटर पाहा. ५०च्या वर असेल तर आज दुसरं काही करा.

स्टीलच्या तारांच्या गिटारला आतून एक्स आकाराच्या ब्रेस असतात. ही रचना मार्टिनच्या गिटारींवर १८४०च्या दशकात दिसू लागली, आणि पुढे स्टीलच्या तारांचा ताण आल्यावर ती सगळ्यांनी उचलली. क्लासिकलची पंख्यासारखी रचना स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस याच्या हातून स्थिरावली. नकाशात जे आहे ते जसंच्या तसं करा. पहिल्याच गिटारीत स्वतःचं संशोधन नको.

टॉप दिसतो सपाट, पण असतो किंचित फुगीर, म्हणजे कोरड्या हवेत आकसला तरी खड्डा पडत नाही. त्यासाठी ब्रेसच्या बुडाला बाक द्यावा लागतो. टॉपला साधारण २८ फूट त्रिज्येचा, म्हणजे ४०० मिमी लांबीच्या ब्रेसला मध्यापेक्षा टोकांना सुमारे २.३ मिमी कमी. पाठीला जास्त, १५ फुटांचा. ब्रेससाठी स्प्रूसच, रेषा उभ्या.

दाबायला छताचा उपयोग करा. टेबलाच्या वर एक भक्कम प्लायचं छत उभारा, दोन्हींमध्ये साठेक सेंमी अंतर. बांबूच्या कामट्या त्याहून दोन-तीन सेंमी लांब कापा, वाकवून छत आणि ब्रेस यांच्यामध्ये अडकवा. सरळ व्हायला धडपडणारी प्रत्येक कामटी एक क्लॅम्प. फायबरचे रॉड मिळतात, पण बुरुडाकडच्या कामट्यांनी माझं काम अडलेलं नाही. टॉपखाली मात्र त्याच त्रिज्येचा खोलगट पाट हवा, नाहीतर तुम्ही बाक दिलेली ब्रेस पुन्हा सपाट दाबाल.

वाळल्यावर ब्रेसची टोकं पटाशीनं उतरती करा. मध्ये उंच, कडेला दोन-तीन मिमी. एक्सच्या सांध्यावर पटाशी चालवू नका. मग टॉप आणि पाठ बाजूंना चिकटवा; बंद करण्याआधी आत सांडलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसा, कारण यापुढे आरशानंच दिसेल. कडांना बाइंडिंग (कडेवर बसवायची पट्टी) पहिल्या गिटारला टाळलं तरी चालेल.

नेक आणि फ्रेट

नेक बोल्टनं जोडा. हीलमध्ये (नेकचा बॉडीला टेकणारा जाड भाग) दोन एम-६ इन्सर्ट, म्हणजे आटे असलेल्या धातूच्या नळ्या, आतून दोन बोल्ट. खाचेत अडकवून चिकटवायचा सुंदर डव्हटेल सांधा बसवताना चुकलात तर नेक गेला. बोल्टवाला दहा वेळा काढून घालता येतो, आणि तो दहा वेळा काढावा लागतोच. नेकच्या आत त्याचा बाक कमी-जास्त करणारा, दोन्ही बाजूंना फिरणारा ट्रसरॉड घाला.

कोन असा तपासा: फ्रेट बसवल्यावर त्यांच्या माथ्यांवर लांब सरळ पट्टी ठेवली तर तिचं टोक ब्रिजच्या वरच्या पृष्ठाला जेमतेम टेकलं पाहिजे. ब्रिजला अडलं तर तारा उंच राहतील, खूप वर गेलं तर सॅडल (ब्रिजमधली, तारा टेकतात ती उभी पट्टी) बोटभर उंच करावं लागेल. हीलचा काठ कागदभर घासत हा कोन आणायचा असतो. माझा एक अख्खा रविवार यात जातो.

फ्रेटचं गणित सोपं आहे. उरलेली लांबी भागिले १७.८१७, म्हणजे पुढच्या फ्रेटचं अंतर. ६४५ मिमी स्केलला (नटपासून सॅडलपर्यंत तारेची लांबी) पहिला फ्रेट ३६.२० मिमीवर, बारावा बरोबर ३२२.५वर. सगळी अंतरं नटपासून मोजून खुणा करा. एका फ्रेटपासून पुढचा असं मोजत गेलात तर प्रत्येक वेळची सुतासुताची चूक साठत जाते आणि वरचे सूर बेसूर. खाचा पावसाळ्यात पाडल्या तरी फ्रेट हिवाळ्यात ठोका. नाहीतर फ्रेटबोर्ड आकसल्यावर त्यांची टोकं बाहेर येऊन तळव्याला ओरखडतात.

पॉलिश

चपडी लाख आणि स्पिरिट. फर्निचरला फ्रेंच पॉलिश करणारे कारागीर अजून आहेत. त्यांच्याकडे एक दुपार बसा, व्हिडिओपेक्षा जास्त कळेल. लाख थोडीच भिजवा. काचेवर थेंब टाका. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर लाख शिळी, फेकून द्या. मलमलीच्या बोळ्यात कापूस, त्यावर लाख, एक थेंब ऑलिव्ह तेल, आणि गोल-गोल हात, कुठेही न थांबता. पावसाळ्यात करू नका, पांढरट धुकं धरतं.

ब्रिज, सॅडल, तारा

ब्रिजची जागा नकाशावरून नाही, प्रत्यक्ष गिटारवर नटपासून मोजून ठरवा. तार दाबली की ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, म्हणून सॅडल ६४५च्या मागे न्यायचं: बारीक तारेला दोनेक मिमी, जाड तारेला साडेचार-पाच. त्यामुळेच ते तिरकं दिसतं. ब्रिजखालचं पॉलिश खरवडून कोरं लाकूड उघडं करा, गोंद लावून चोवीस तास आवळून ठेवा.

सॅडल हाडाचं. इथे माझी दुसरी फजिती. तिसऱ्या गिटारला मी सॅडलचा माथा छान सपाट आणि रुंद ठेवला. तारा चढवल्या आणि गिटार सतारीसारखी झंकारायला लागली. फ्रेट तपासले, ब्रेस ठोकून पाहिल्या, आठवडा घालवला. मिरजेत सतारी-तंबोऱ्यांचे कारागीर (२०२४ मध्ये त्यांच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं) जी जवारी आयुष्यभर घासून आणतात, ती मला चुकून साधली होती. जवारीत रुंद घोडीवर तार हलकेच टेकत-सुटत राहते, त्याचाच तो झणकार. गिटारला नेमकं उलटं हवं: माथा गोलाकार, आणि तार एकाच रेषेवरून सुटणारी. कानशीचे दहा हात मारले, आवाज स्वच्छ.

तारा हलक्या गेजच्या, म्हणजे कमी जाडीच्या, लावा आणि पहिल्या दिवशी अर्धा-एक सूर खालीच ठेवा. तीन-चार दिवसांत टॉप ब्रिजमागे थोडा वर येतो, ते व्हायचंच. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा: सहावी तार २.५ मिमी, पहिली २ मिमीच्या आतबाहेर. तिथे अर्धा मिमी कमी हवा असेल तर सॅडल बुडाकडून एक मिमी घासा, दुप्पट. सॅडल खाचेत नुसतं बसवा, चिकटवू नका.

कारण जुलैत टॉप फुगून वर येतो आणि हिवाळ्यात मापात असलेल्या तारा बोटांना लागायला लागतात. मी दोन सॅडल करतो. बुटकं सॅडल केसमध्ये, तारा छेडायच्या पिक ठेवतो त्या डबीत असतं. त्यावर पेन्सिलीनं ‘पावसाळा’ लिहिलंय.